सिरिल ट्रँटरला मधात साखर सापडते

विचबरी, हेरफर्डशायर
६ मे १९७९

प्रिय म्युरिएल,

तुझं ईस्टरचं कार्ड वेळेवर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला, कारण फेब्रुवारीतल्या फ्लूने मला चांगलंच लोळवलं. पंधरा दिवस अंथरुणात होतो. शेजारच्या बेडोजबाई सूप आणून द्यायच्या आणि त्या बदल्यात घरभर नजर फिरवून जायच्या. आता मी ठणठणीत आहे, काळजी नको.

मुद्द्याचं लिहितो. गेल्या सप्टेंबरात तू पाठवलेला डोंगरावरच्या हेदरच्या फुलांचा मध मी मार्चमध्ये बिअरला वापरला. कृती दरवर्षीचीच, मधाची हलकी, फिकी बिअर, पेल एल. फिकं माल्ट, कडवटपणाला गोल्डिंग हॉप्सची फुलं, पाच गॅलनाला दोन पौंड मध. वीस वर्षं आपण हेच करत आलो. मध तुझा, बिअर माझी आणि नावं ठेवायला इनिड. तुझी बहीण, माझी इनिड, गेल्यानंतरचा हा पहिलाच घाणा, म्हणून जरा जास्तच जपून केला. काल पहिली बाटली उघडली. रंग सुरेख, फेस सुरेख, पण तोंडात घेतली तर नुसतं कडू पाणी. मधाचा मागमूस नाही.

तुला सांगायला नको, यीस्ट मधाची गोडी सगळीच्या सगळी खाऊन टाकतं. बिअरमध्ये उरतो तो फक्त मधाचा वास. तो नसला तर मधाची बिअर आणि दुकानातली साखर घालून पातळ केलेली बिअर यांत काडीचा फरक राहत नाही.

म्हणून विचारतो, राग मानू नकोस. माश्यांना हिवाळ्यासाठी तू साखरेचा पाक घालतेस, तो गेल्या खेपेला जरा लवकर तर घातला नाहीस ना? मध काढायच्या आधी? म्हणजे पोळ्यात मधाबरोबर पाकही भरला जाणार. गेला ऑगस्ट भिजका होता, फुलांवर माश्या गेल्याच नसतील, हे मी समजू शकतो. मधपालक मंडळाच्या सप्टेंबरच्या प्रदर्शनात मी बिअरच्या टेबलाचा परीक्षक आहे, यंदा बाविसावं वर्ष. माझ्याच घरच्या बिअरमध्ये काय आहे ते मला ठाऊक नको का?

तू तसं करणार नाहीस. पण पाणी कुठंतरी मुरतंय एवढं नक्की.

तुझा
सिरिल


ॲशलेट, लाँग मिंडचा पायथा, श्रॉपशायर
११ मे

प्रिय सिरिल,

‘राग मानू नकोस’ असं आधी लिहून माणसं नेमकं राग येईल असंच लिहितात. मला आला.

पाक मी सप्टेंबरच्या शेवटी घालते, मध काढून, गाळून, बरण्यांत भरून झाल्यावर. इथले सगळेच तसं करतात. त्याआधी घालणारा माणूस चोर, आणि मी चोर नाही. तुला खात्रीच करायची असेल तर उरलेली बरणी उपडी कर. हेदरचा मध घट्ट बसतो, चमच्याने ढवळल्याशिवाय जागचा हलत नाही. पाक मिसळलेला असता तर केव्हाच धार लागली असती. हे काय मी तुला शिकवायचं?

इनिड गेली त्या सकाळी मी घराची किल्ली घेऊन बाराही पेट्यांपाशी गेले, एकेकीवर टकटक केली आणि माश्यांना सांगितलं, की माझी बहीण गेली. इथे तसं सांगावंच लागतं, नाहीतर माश्या घर सोडतात. ज्यांना मी घरातलं मरण सांगते त्यांच्याच नावावर खोटा मध विकीन असं तुला वाटतं?

आता माझा प्रश्न. मध माल्टच्या उकळत्या काढ्यात ओतलास का? ‘गॅस बंद झाल्याशिवाय मधाला हात लावायचा नाही’ असं इनिड तुझ्या डोक्यावर उभी राहून ओरडायची, म्हणून वीस वर्षं बिअर जमली. उकळलास की वास वाफेबरोबर गेला. की माझा मध बेडोजबाईंच्या टोस्टवर गेला आणि बिअरमध्ये बाजारचा? एवढं पंधरा दिवस सूप आणून दिलं बिचारीने.

म्युरिएल


विचबरी
२० मे

प्रिय म्युरिएल,

बेडोजबाईंना मी टोस्टच काय, नमस्कारही मोजून देतो.

बरणी उपडी केली. मध हलला नाही, कबूल. पण वरचे दोन इंच खरे आणि खाली काहीही, असं करता येतं. तू केलंस असं मी म्हणत नाही. करता येतं एवढंच म्हणतो. तेहेतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढली, ‘बहुतेक रूळ मोकळा असेल’ म्हणून एकही गाडी सोडली नाही.

मध उकळला नाही. गॅस बंद केला, काढा हात लावण्याइतका निवू दिला आणि मगच घातला. वहीत वेळेसकट लिहिलंय.

तुला एक सांगू? हल्ली फसवणूक सगळीकडेच बोकाळली आहे. खाटकाकडून आणलेलं बेकन म्हणजे मीठ लावलेला पुठ्ठा. चौदा वर्षं एकाच दुकानातून चहा घेतो, त्यात आता काय भरतात देव जाणे. त्याला तोंडावर विचारलं तर म्हणतो, ‘मि. ट्रँटर, डबा तोच, बाग तीच.’ चोराच्या उलट्या बोंबा. तेव्हा घरच्या माणसाकडूनही सावध राहावं असं वाटलं तर मला दोष देऊ नकोस.

मी असं ठरवलंय. एकाच दिवशी, एकाच माल्टमधून दोन घाणे करतो. एकात तुझा उरलेला मध, दुसऱ्यात तेवढीच दुकानातली पांढरी साखर. मधाच्या बाटल्यांना लाल झाकण, साखरेच्यांना निळं. महिनाभर मुरू देतो आणि डोळे बांधून चाखतो. दोन्हींत फरक कळला तर मी तुझी माफी मागीन. नाही कळला तर काय समजायचं ते तूही समजशील.

सिरिल


ॲशलेट
२६ मे

सिरिल,

कर. खुशाल कर.

पण परीक्षा व्हायच्या आधीच निकाल गावभर झालाय तो कसा? गुरुवारी लडलोच्या बाजारात एकीने हसत हसत विचारलं, ‘काय म्युरिएल, यंदा साखर स्वस्त मिळाली का?’ हे तिच्या कानात कुणी घातलं? ती विचबरीची सून आहे. तुझ्या गुत्त्यात जे बोललं जातं ते रविवारी तिच्या जेवणाच्या टेबलावर येतं.

आर्थरमागे विधवा झाले तेव्हापासून मी या बारा पेट्यांवर जगते. बरणीवर मधपालक मंडळाचा शिक्का असतो म्हणून दुकानदार माझा मध ठेवतात. तो शिक्का म्हणजेच माझं नाव. मधात साखर असल्याची नुसती कुजबुज उठली तरी पुरे, मग ती खरी की खोटी हे कुणी विचारत बसत नाही. तू शहाणा आहेस, तुला आणखी काय सांगू.

म्युरिएल


विचबरी
२ जुलै

श्रीमती प्रीस यांस,

आपल्या पत्रातला सूर पाहता यापुढे असंच लिहिणं बरं.

काल रविवारी दुपारी परीक्षा घेतली. दोन्ही बाटल्यांतली बिअर सारख्याच दोन पेल्यांत ओतली, डोळ्यांवर फडकं बांधलं, पेले टेबलावर फिरवून जागा बदलल्या आणि चाखल्या. असं सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी ‘हा मध’ म्हणून जो पेला उचलला तो निव्वळ अंदाजाने. दोन्ही कडू, दोन्ही पातळ, दोन्ही एकसारख्या. आपला मध आणि दुकानातली साखर यांत मला तिळमात्र फरक आढळला नाही.

वीस वर्षं आपल्या मधाची बिअर मी केली आहे. तिच्यात मध कसा ओळखावा हे मला कळत नाही असं कुणीही म्हणू शकणार नाही.

हा सगळा वृत्तान्त मी मधपालक मंडळाचे चिटणीस मि. हॅस्केट यांना लिहून कळवला आहे. मनाला फार लागलं, पण कर्तव्य ते कर्तव्य. दोन बाटल्या, एक लाल झाकणाची आणि एक निळ्या, पेंढ्यात बांधून पार्सलने आपल्याकडे पाठवतो आहे. स्वतःच चाखून पाहाव्यात.

सिरिल ट्रँटर


ॲशलेट
९ जुलै

सिरिल,

मी काही तुला ‘आपण’ म्हणणार नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या बुटाला नाडी नव्हती, ती मी माझ्या बोनेटची काढून दिली होती.

हॅस्केटचं पत्र आलं. अठ्ठावीस जुलैच्या सभेत तुझी तक्रार वाचली जाणार आणि तोपर्यंत माझ्या बरण्यांवरचा शिक्का बंद. परीक्षक म्हणून तुझ्या शब्दाला वजन आहे असं त्याने लिहिलंय. शनिवारी लडलोच्या दोन दुकानांनी बरण्या परत केल्या. एकाने निदान तोंड पाडून केल्या, दुसऱ्याने पोराबरोबर पाठवून दिल्या. सभेत तू तक्रार मागे घेतली नाहीस तर शिक्का कायमचा जाईल. माझं वय एकसष्ट. मी दुसरं काय करायचं ते तूच सांग.

तुझ्या बाटल्या आल्या. उघडल्या. निळी कशी होती? जशी असायला हवी तशी, साधी, हॉप्सची. आणि लाल झाकण उचकटलं मात्र, स्वयंपाकघर भरून गेलं. आमचा अख्खा डोंगर त्या बाटलीत होता. पेला तोंडापर्यंत न्यायचीही गरज नव्हती. तुझ्या हातून इतकी सुंदर बिअर आजवर झाली नव्हती, आणि तू म्हणतोस साखरेत आणि हिच्यात फरक नाही?

हे न कळायला माणूस दगड हवा. तू दगड नाहीस, बावीस वर्षं परीक्षक आहेस. म्हणजे तुला फरक कळला आणि तरीही तू हॅस्केटला खोटं लिहिलंस. मी रात्रंदिवस विचार करतेय, हा माणूस असं का करील? आता उलगडा होतोय. आमच्या वडिलांच्या या घरातला आपला अर्धा हिस्सा इनिडने मला लिहून दिला, तुला नाही. तेव्हा तू ‘योग्यच आहे’ म्हणालास. ते तोंडदेखलं होतं तर. मध विकला गेला नाही की म्युरिएलला घर विकावं लागेल, असाच हिशेब ना?

इनिड असती तर तुझ्या डोक्यात ते बिअरचं पातेलं घातलं असतं.

म्युरिएल


विचबरी
१२ जुलै

म्युरिएल,

तुझं पत्र वाचलं. घर? त्या घराचं छप्पर गळतं, जिना वाकडा आहे आणि दारातून शिरताना माझं डोकं आपटतं. फुकट दिलंस तरी नको. इनिडने विचारलं तेव्हा ‘म्युरिएललाच दे’ असं मीच म्हणालो होतो. तिने तुला सांगितलं नसेल, कारण मीच नको म्हटलं होतं.

आणि खोटारडा? मी? मी इनिडची शपथ घेऊन लिहितो, दोन्ही पेले मला एकसारखे लागले. अगदी एकसारखे. लाल झाकण उघडल्यावर तुझं स्वयंपाकघर भरून गेलं म्हणे. माझ्याकडे त्यातल्या चोवीस बाटल्या आहेत, त्यांतल्या पाच उघडल्या, माझं काही भरलं नाही. तूच बाटलीत मध कालवलास आणि वर मला खोटं पाडतेस, असा संशय मला का येऊ नये?

जिकडे बघावं तिकडे हेच चाललंय. कुणी खरं म्हणून काही देतच नाही. पाइपची तंबाखू आता नुसता गरम धूर आहे, दुकानदार बदलला, कंपनी बदलली, सगळे चोर एका माळेचे. साबण म्हणजे मेण. इनिडचे गुलाब यंदा बहरलेत, पण कलमवाल्याने पूर्वी कधीतरी फसवलं असणार, एकालाही वास नाही. बेकनचं तर लिहिलंच आहे. आणि बेडोजबाई. परवा मी स्वयंपाकघरात बसून पेपर वाचत होतो, तर ही बाई मागच्या दाराने धाडकन आत. ‘गॅस, गॅस’ करत सगळ्या खिडक्या उघडल्या, शेगडीचा खटका फिरवला आणि मलाच हाताला धरून बाहेर काढलं. गॅसचा वास येत होता म्हणे. मी त्याच खोलीत तासभर बसलो होतो, मला येऊ नये? तिला या घरात शिरायला निमित्त हवं असतं, दुसरं काही नाही.

तेव्हा मला हिशेब शिकवू नकोस. अठ्ठावीसच्या सभेला मी जाणार आणि जे आहे तेच सांगणार.

सिरिल


ॲशलेट
१५ जुलै

सिरिल,

हे पुढे वाचू नकोस. आधी ऊठ, स्वयंपाकघरात जा आणि शेगडीचा प्रत्येक खटका बंद आहे का ते हाताने चाचपून बघ. नाकाने नाही, हाताने. मग ये आणि बस.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा चूल पेटवायला घेणार होते. दुसऱ्यांदा वाचताना गॅसपाशी येऊन थांबले. बेडोजबाई खोटं बोलत नव्हती, सिरिल. एखादी बाई दुसऱ्याच्या घरात चोरून शिरते ती खिडक्या उघडायला शिरत नाही.

आता सगळं एका ओळीत मांड. मध, चहा, बेकन, तंबाखू, साबण, गुलाब, गॅस. खाटीक, चहावाला, गुलाबवाला आणि मी, अशी सगळ्यांनी मिळून एकाच वसंतात तुला फसवायचं कशाला ठरवलं असेल? तू कोण मोठा लागून गेलास? खारट कळतं, कडू कळतं, गोड कळतं, ते जिभेचं काम. बाकीचं नाकाचं. फ्लू तुला फेब्रुवारीत झाला. आमच्या इथल्या पाद्रीसाहेबांच्या आईचं असंच झालं होतं. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिलाही वर्षभर कळलं नव्हतं, ती सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहिली.

मी तुला खोटारडा म्हटलं ते परत घेते. आणि घराबद्दल लिहिलं त्याची मला लाज वाटते. तुला फरक कळला नाही हे खरंच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तू ठेवणारही नाहीस. एवढंच कर. दोन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळ, झाकणं काढून टाक आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दोन पेले दे. कुणालाही. आणि विचार.

म्युरिएल


विचबरी
१८ जुलै

श्रीमती प्रीस यांस,

सभा दहा दिवसांवर आली आणि मला अचानक नाक राहिलं नाही. सोयीचं आहे. परीक्षकाला नाक नाही म्हटलं की तक्रार केराच्या टोपलीत आणि ट्रँटर म्हातारचळ लागलेला.

हा डाव माझ्या लक्षात आला आहे, एवढंच कळवतो.

सि. ट्रँटर


ॲशलेट
२१ जुलै

सिरिल,

डाव असता तर हे पत्र मी हॅस्केटला लिहिलं असतं. त्याला काहीही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. तुझं नाक हा सभेत मांडायचा विषय नाही. निदान मी तरी मांडणार नाही. त्याने पाठवलेल्या कागदावर मी फक्त एवढंच लिहिलं, ‘मध शुद्ध आहे, म्युरिएल प्रीस,’ आणि परत धाडला. त्यावर शिक्का राहिला तर राहिला, गेला तर गेला.

सभेला मी येणार नाही. अठ्ठावीसलाच पेट्या डोंगरावर न्यायच्या आहेत, हेदर फुलायला लागलंय. मध विकता येवो न येवो, माश्यांना त्याचं काय.

तुझा राग आला की मी तुला वाट्टेल ते बोलते. पण त्या घरात गॅसशेजारी तू एकटा पेपर वाचत बसला होतास, हे डोळ्यांसमोरून जात नाही. बेडोजबाईंकडे मागच्या दाराची किल्ली देऊन ठेव. हे तेवढं माझ्यासाठी कर, बाकी काही करू नकोस.

म्युरिएल


विचबरी
३० जुलै

प्रिय म्युरिएल,

हॅस्केटचं पत्र तुला या पत्राच्या आधी मिळेल. तरी माझ्या हातून लिहिलं पाहिजे.

तुझं एकवीसचं पत्र आल्यावर दोन दिवस मी काहीच केलं नाही. तू माझ्याविरुद्ध काहीच सांगणार नाहीस, हे मला पटेना. त्यातही काही काळंबेरं असेल म्हणून पत्र उलटसुलट करून पाहिलं. काही सापडलं नाही. मग बुधवारी दोन बाटल्यांना कागद गुंडाळला आणि कुंपणापाशी गेलो. बेडोजबाई कपडे वाळत घालत होत्या. त्या बिअर पीत नाहीत, नाताळला एक पेला शेरी, बस. म्हटलं, नुसतं सांगा, दोन्हींत काय फरक वाटतो. त्यांनी दुसरा पेला उचलला, तोंडाला लावायच्या आतच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगबाई, हा तर हेदरचा मध. लहानपणी मावशीकडे असायचा.’ मी पेले पाठीमागे घेऊन फिरवले. पुन्हा फिरवले. सहा वेळा. सहाच्या सहा वेळा त्यांनी न चाखता सांगितलं. मी तिथेच गवतावर बसलो.

मग त्या म्हणाल्या, ‘मि. ट्रँटर, आता विषय निघालाच आहे तर सांगते, तुमच्या मोरीखाली मार्चपासून काहीतरी मेलेलं आहे.’ उंदीर होता. किल्ली त्यांना त्याच दिवशी दिली.

शनिवारच्या सभेला तीसेक लोक होते. हॅस्केटने माझी तक्रार वाचली आणि विचारलं, काही जोडायचंय का. मी उभा राहिलो. म्हटलं, ‘म्युरिएल प्रीसच्या मधात साखर नाही. साखर असल्याचं ज्याने लिहिलं त्या माणसाला फेब्रुवारीपासून कशाचाच वास येत नाही, आणि हे कळायला त्याला सहा महिने आणि शेजारची बाई लागली. मी एका प्रामाणिक बाईचं नाव खराब केलं. ज्यांनी ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं त्यांनी हेही माझ्याच नावाने सांगावं.’ मागून कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. बिअरच्या टेबलाचा राजीनामा तिथेच लिहून दिला. हॅस्केट म्हणाला, ‘घाई करू नका, नाक परत येतं कधी कधी.’ मी म्हटलं, येईल तेव्हा येईल, तोवर खुर्ची अडवणं बरं नव्हे. शिक्का तुला परत दिलाय, एकमताने. आज सकाळी लडलोच्या दोन्ही दुकानांत मी स्वतः जाऊन आलो. पोराबरोबर बरण्या पाठवणाऱ्याला म्हटलं, त्या आणायला आता तू स्वतः जा. तो येईल.

माफी मागतो. ती एका पत्रात मावणारी नाही, पण मागतो.

आता एक गोष्ट, जी मी कुणालाही सांगितलेली नाही. माझा संशय मधापासून सुरू झाला नव्हता. इनिड गेल्यावर तिचे कपडे मी कपाटातच ठेवले. तिचं ते निळं लोकरीचं जाकीट तुला आठवत असेल, बागेत घालायची ते. ऑक्टोबरापासून रोज सकाळी उठलो की कपाट उघडायचो आणि थोडा वेळ तिथे उभा राहायचो. ती त्यात होती. तिचा साबण, बागेतली माती आणि तीच. फ्लूतून उठलो, कपाट उघडलं आणि काहीच नाही. नुसती लोकर. मला वाटलं, बेडोजबाईंनी मी झोपलेला असताना जाकीट धुऊन टाकलं. त्यांना तोंडावर तसं विचारलं, त्या रडल्या, तरी मला खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून मला सगळेच चोर दिसायला लागले. माझ्या घरातून इनिडच चोरीला गेली होती, मग बेकन आणि मध यांचं काय घेऊन बसलीस.

बुधवारपासून मी त्या कपाटाला हात लावलेला नाही. ती अजून तिथे असेल आणि मलाच कळत नसेल. किंवा एव्हाना खरंच गेलीही असेल. दोन्हींतलं काय ते मला कधीच कळणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारावं असं कुणी नाही. तिचा वास ओळखणारी तू एकटीच उरलीस.

पेट्या डोंगरावर लागल्या की एक दिवस ये. जेवण बेडोजबाई करणार आहेत. तू वर जा, एकटीच जा, कपाट उघड आणि खाली येऊन मला सांग. नसेल तर नाही म्हण, माझी कीव करू नकोस. तू जे सांगशील ते मी मानीन. फिरून तपासायला जाणार नाही.

लडलोची बस सव्वाअकराला येते. मी थांब्यावर असेन.

तुझा
सिरिल